घर कुणाच्या पसंतीचं?

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या केस्लापूरला पौष अमावास्येच्या रात्री नागोबाची महापूजा होते. इंद्रवेल्ली मंडलातलं हे गाव म्हणजे गोंडांच्या मेश्राम कुळाचं श्रद्धास्थान. पूजेसाठी गोदावरीचं पाणी अनवाणी चालत आणायचं, लेकी-जावयांनी माती कालवून वारूळ रचायचं, कुळाचा स्वयंपाक 22 चुलींवरच करायचा, हा रिवाज आजही कसोशीने पाळला जातो. देऊळ मात्र नवं आहे. मेश्रामांनी आपसांत वर्गणी काढून घडीव दगडाचं मोठं देऊळ उभारलं आणि डिसेंबर 2022मध्ये प्राणप्रतिष्ठा केली.

बाहेरच्या माणसाला हे खटकू शकतं. आदिवासींचं देवस्थान साधंच असावं, मातीचं असावं, अशी त्याची समजूत असते. पण देव मेश्रामांचा, पैसा मेश्रामांचा, निर्णयही त्यांचाच. परंपरा कशात जपायची आणि कशात बदलायची, हे त्यांनी स्वतः ठरवलं. स्थापत्यातल्या आवडीनिवडीचे वाद बघताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

घरांच्या बाबतीत हा अधिकार क्वचितच मिळतो. या भागातलं जुनं घर कुडाच्या भिंतींचं, शेणामातीने लिंपलेलं, वर कवेलू किंवा गवत, पुढे ऐसपैस ओसरी. राज्याची सीमा ओलांडून पांढरकवडा-किनवटकडे गेलं तरी हेच घर दिसायचं. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा त्याची किंमत कळते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि ओसरीच्या सावलीमुळे भिंती तापत नाहीत. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग खाली सोडतो.

तरीही लोकांना स्लॅब हवा असतो, आणि त्यांची कारणं चोख आहेत. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात. गवताला आगीची भीती. भावाची वाट बघत घरात भरून ठेवलेला कापूस एका गळतीने खराब होतो. मातीचं घर जपा, असं शहरातून सांगणाऱ्याला पावसाळ्यापूर्वी छपरावर चढावं लागत नाही.

सरकारनेही या गरजेला उत्तर दिलं, पण एकाच साच्यातून. तेलंगणाची डबल बेडरूम योजना 2015मध्ये आली, तेव्हा हैदराबादच्या वस्तीपासून डोंगरातल्या गुड्यापर्यंत, म्हणजे पाड्यापर्यंत, घराचं माप एकच होतं, 560 चौरस फूट. ओसरी किती, बैल कुठे बांधायचे, धान्य कुठे ठेवायचं, याला त्यात जागा नव्हती. कार्यालयांचंही तेच. 2016मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. त्यांपैकी निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद इथल्या एकात्मिक जिल्हाधिकारी कार्यालयांची उद्घाटनं जून 2023मध्ये झाली, राज्यभर वापरलेल्या त्याच नमुन्यावर. सगळे विभाग एका छताखाली आले, ही सोय मोठी आहे. पण इमारत बघून आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत, हे सांगता येत नाही.

राजधानीत तर प्रकरण न्यायालयात गेलं. नव्या विधानभवनासाठी इर्रम मंझिल हा जुना महाल पाडण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019मध्ये रद्द केला. जुनं सचिवालय मात्र 2020मध्ये पाडलं गेलं आणि एप्रिल 2023मध्ये घुमटांचं नवं सचिवालय उभं राहिलं. एकीकडे वारसा, दुसरीकडे विकास, अशीच मांडणी दोन्ही वेळा झाली. त्या गोंगाटात वापरणाऱ्याचा आवाज फारसा ऐकू आला नाही.

आदिलाबादच्या अनुसूचित गावांना तो आवाज कायद्याने दिलेला आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठी केलेल्या 1996च्या पेसा कायद्यानुसार विकासाच्या योजना राबवण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते आणि लाभार्थीही ग्रामसभाच ठरवते. मग घराचा नकाशा तिच्यापुढे का ठेवू नये? केंद्र सरकारच्या ‘पहल’ या संग्रहात देशभरच्या हवामानाला आणि स्थानिक साहित्याला धरून घरांचे नमुने तयार आहेत. म्हणजे एकाच नकाशावर अडून बसण्याची गरज नाही.

उटनूरच्या आदिवासी विकास यंत्रणेने प्रत्येक गुड्यात तीन-चार नकाशे खर्चासह मांडावेत. स्लॅब हवा असेल त्याला स्लॅब मिळावा, पण ओसरीसह. कवेलू हवे असतील त्याला कवेलूच्या छपरालाही तेवढंच अनुदान मिळावं. मातीच्या भिंतीला ‘कच्चं’ ठरवून यादीतून वगळू नये. अनुदान जनतेच्या पैशातून येतं आणि त्या घरात पुढची चाळीस वर्षं काढायची असतात ती त्याच कुटुंबाला. नकाशावर पहिली सही त्याचीच हवी.