वजनाने हलके, आकाराने अवघड : वाहनांच्या ॲक्सेसरीज आणि वाहतूकखर्चाचे गणित

'चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला' ही म्हण आपल्या परिचयाची आहे. वाहनांच्या ॲक्सेसरीज तयार करणाऱ्या लघुउद्योजकाला तिचा प्रत्यय मालवाहतुकीची बिल्टी हाती पडताच येतो. फायबरचा बंपर, जीपचे हार्डटॉप, टपावरचे कॅरिअर किंवा पायदान या वस्तू उचलायला हलक्या, परंतु लांबलचक, वाकड्या आणि पोकळ असतात. भोसरीच्या कार्यशाळेत तयार झालेला असा एखादा नग गुवाहाटीच्या ग्राहकापर्यंत पोहोचवावयाचा झाल्यास नफ्याचा मोठा वाटा भाड्यातच खर्ची पडतो. भाडे ग्राहकावर टाकावे तर तो मागणी रद्द करतो, आणि स्वतः सोसावे तर व्यवहार तोट्यात जातो. हा पेच कसा सोडवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काट्यावरचे वजन आणि आकारमानाचे वजन

मालवाहतूक कंपनी वजनाबरोबरच गाडीतील जागाही विकत असते. कापसाच्या गाठीने आणि लोखंडाच्या सळईने व्यापलेली जागा सारखी असेल, तर केवळ काट्यावरच्या वजनाने भाडे आकारणे तिला परवडत नाही. म्हणून आकारमानाचे वजन काढण्याची पद्धत रूढ झाली. कुरिअर व्यवसायात सामान्यतः लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागतात. येणारा आकडा आणि प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे आकारले जाते.

उदाहरणार्थ, एका बंपरचे खोके १८० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि ५० सें.मी. उंच आहे असे समजू. गुणाकार होतो ५,४०,००० घन सें.मी. आणि आकारमानाचे वजन होते १०८ किलो. काट्यावर हा नग जेमतेम ८ किलो भरला, तरी भाडे १०८ किलोंचेच द्यावे लागते.

रस्तावाहतुकीत हाच हिशेब बहुधा घनफुटात होतो. वरील खोके सुमारे १९ घनफुटांचे आहे. एका घनफुटाला ६ किलो धरल्यास ११४ किलो, ८ किलो धरल्यास १५२ किलो आणि १० किलो धरल्यास १९० किलो असा आकार लागतो. सबब, दोन वाहतूकदारांचे दर ताडून पाहताना 'किलोला किती रुपये' एवढेच विचारणे पुरेसे नाही. 'घनफुटाला किती किलो धरता' हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. किलोचा दर कमी सांगणाऱ्याचे एकूण बिल अधिक निघणे मुळीच अशक्य नाही.

खर्च वाचतो तो कार्यशाळेतच

भाड्यात घासाघीस करून वाचणारी रक्कम मर्यादित असते. खरी बचत वस्तूच्या रचनेत दडलेली आहे.

टपावरच्या कॅरिअरचे उदाहरण घेऊ. संपूर्ण जोडलेले कॅरिअर १५० × ११० × २० सें.मी. मापाचे असेल, तर आकारमानाचे वजन ६६ किलो होते. तेच कॅरिअर वेल्डिंगऐवजी नट-बोल्टने जोडण्याजोगे केले आणि त्याच्या पट्ट्यांची मोळी १५० × २५ × २० सें.मी. मध्ये बसवली, तर आकारमानाचे वजन १५ किलोवर येते. प्रत्यक्ष वजन १८ किलो असल्यास भाडे १८ किलोंचे लागेल. वस्तू तीच, अंतर तेच. मात्र भाड्याचे वजन एक-तृतीयांशाहूनही कमी झाले. अर्थात, अशा मालासोबत जोडणीची सचित्र माहिती ग्राहकाच्या भाषेत देणे आणि दोन-चार नट-बोल्ट जादा ठेवणे अगत्याचे आहे.

बंपरसारखी वस्तू सुटी करता येत नाही; तथापि तिच्या पोकळीत दुसरी वस्तू बसू शकते. एकाच आकाराचे तीन बंपर एकात एक बसवून खोके १८० × ६० × ८० सें.मी. झाले, तर आकारमानाचे वजन सुमारे १७३ किलो, म्हणजे नगामागे सुमारे ५८ किलो पडते. तिन्ही नग वेगवेगळे पाठवल्यास एकूण ३२४ किलोंचे भाडे मोजावे लागले असते. म्हणूनच एका शहरातील सुट्या ग्राहकांना स्वतंत्र नग पाठवण्यापेक्षा तेथील विक्रेत्याकडे एकत्रित माल पाठवून पुढील वाटप स्थानिक पातळीवर करणे किफायतशीर ठरते.

वेष्टनाचा मोह आणि वेष्टनाची कसूर

माल फुटू नये म्हणून भरमसाट वेष्टन करण्याचीही किंमत मोजावी लागते. वरील बंपरच्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १० सें.मी. ने वाढली, तर आकारमानाचे वजन १०८ वरून १६० किलोवर जाते. म्हणजे जवळजवळ निम्म्याने वाढते. याउलट, वेष्टनात कसूर झाली आणि कोपरा तडकला, तर जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे पदरी पडते.

यातील मध्यममार्ग असा, की संरक्षण सर्वत्र सारखे न करता वस्तूच्या दुर्बल जागी करावे. कोपरे, कडा आणि रंगवलेला दर्शनी पृष्ठभाग यांना फोम किंवा बबल रॅपचा थर द्यावा. पोकळीत आडवे टेकू लावावेत, म्हणजे वर दुसरा माल ठेवला तरी खोके पिचकत नाही. लाकडी चौकट केवळ काच किंवा मोठ्या हार्डटॉपसाठी राखून ठेवावी. पत्ता खोक्याच्या दोन बाजूंवर लिहावा आणि त्याची एक चिठ्ठी आतही ठेवावी.

कोणता मार्ग कोणासाठी?

कुरिअर : लहान, सुटे करता येणारे आणि तातडीचे नग. दारापर्यंत सेवा मिळते. मोठ्या आकारास मात्र हा मार्ग महाग पडतो. भारतीय टपाल खात्याच्या स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंतचे पार्सल पाठवता येते.

रस्त्याने पार्सल किंवा भागभरती : मोठ्या नगांसाठी सर्वसाधारणपणे हाच मार्ग सोयीचा. ग्राहक वाहतूकदाराच्या गोदामातून माल नेण्यास तयार असल्यास दारपोच सेवेचा खर्च वाचतो. माल वेळेत न उचलल्यास विलंब आकार लागतो, याची कल्पना ग्राहकास आधीच द्यावी.

रेल्वे पार्सल : लांबच्या पल्ल्यास उपयुक्त. तथापि ठरावीक मापापेक्षा मोठ्या नगास वाढीव दर लागतो आणि स्थानकापर्यंत ने-आण स्वतः करावी लागते.

प्रवासी बसचे पार्सल : एका रात्रीच्या अंतरासाठी स्वस्त आणि जलद. अशा मालाची पावती मात्र अवश्य घ्यावी.

परतीचा ट्रक : माल उतरवून रिकामा परतणारा ट्रक कमी भाड्यात मिळू शकतो. तारीख लवचीक असेल आणि माल पुरेसा असेल, तर याचा लाभ घ्यावा.

कागदपत्रे आणि जोखीम

मालाचे मूल्य ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास आंतरराज्य वाहतुकीस ई-वे बिल आवश्यक आहे. ही व्यवस्था १ एप्रिल २०१८ पासून अमलात आली. राज्यांतर्गत वाहतुकीची मर्यादा काही राज्यांत वेगळी असल्याने ती पडताळून घ्यावी.

रस्तावाहतुकीतील जबाबदारी 'कॅरेज बाय रोड' कायदा, २००७ आणि त्याखालील २०११ च्या नियमांनी ठरते. माल सोपवताना अधिक मूल्य घोषित करून जादा जोखीमदर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. २५,००० रुपयांच्या मालास ९०० रुपये भाडे दिले असेल, तर भरपाई ९,००० रुपयांच्या पुढे जाणार नाही. शिवाय, दावा दाखल करण्यापूर्वी नुकसानीची लेखी सूचना माल सोपवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. म्हणून मौल्यवान मालाचा मार्गस्थ विमा उतरवणे श्रेयस्कर. वारंवार माल पाठवणाऱ्यांसाठी ओपन पॉलिसीची सोय असते. अपुऱ्या वेष्टनामुळे झालेले नुकसान मात्र विमा कंपनी सहसा मान्य करीत नाही.

आणखी एक दक्षता. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांवरील क्रॅश गार्ड आणि बुल बार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे राज्यांना कळवून कारवाईची सूचना केली होती. जी वस्तू ग्राहकास कायद्याने वापरता येत नाही, ती स्वस्तात पोहोचवण्यात काहीच हशील नाही.

बँकेचे साहाय्य

दूरच्या, अपरिचित ग्राहकाकडून रक्कम येण्याची निश्चिती हाही खर्चाचाच भाग होय. किरकोळ ग्राहकाकडून भाड्यासह आगाऊ रक्कम घेणे उत्तम. घाऊक विक्रेता आगाऊ रक्कम देण्यास तयार नसल्यास बीजक आणि बिल्टी बँकेमार्फत वसुलीस पाठवता येते. रक्कम भरल्यावर खरेदीदारास कागदपत्रे मिळतात आणि त्यांच्या आधारे तो मालाचा ताबा घेतो. त्यासाठी बिल्टी बँकेच्या नावे करावी लागते. म्हणून शाखेची पूर्वसंमती घ्यावी आणि वाहतूकदार इंडियन बँक्स असोसिएशनच्या शिफारस यादीतील असल्याची खात्री करावी. अशा बिलांवर पात्रतेनुसार बिल डिस्काउंटिंगची सुविधाही मिळू शकते.

आमच्या शाखांतील सहकाऱ्यांनीही लघुउद्योजकाच्या कर्जप्रस्तावाचा विचार करताना नगामागील वाहतूकखर्च आवर्जून विचारावा. कच्चा माल आणि मजुरी यांचे आकडे चोख असतात. पण नफा अनेकदा भाड्याच्या रकान्यात विरून गेलेला असतो.

सारांश, नव्या वस्तूचा आराखडा कागदावर उतरत असतानाच ती कोणत्या खोक्यात बसेल, हा प्रश्न विचारावा. तिची किंमत भाड्यासह ठरवावी आणि ग्राहकासही तशीच सांगावी. मग मसाल्याचा खर्च कोंबडीच्या किमतीपलीकडे जाणार नाही.