कोल्हापूर की कोलापूर?

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावात एस.टी.ची वाट पाहणाऱ्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिले, तर 'कोलापूर', 'पनाळा' अशी नावे कानांवर पडतात. गाडीच्या पाटीवर मात्र 'कोल्हापूर', 'पन्हाळा' असते. वर्गात एखादा मुलगा 'कोलापूर' म्हणाला, की आपण शिक्षक त्याला तिथेच थांबवून उच्चार 'शुद्ध' करून घेतो. मुलगा सुधारतो, पण पुढच्या वेळी हात वर करताना कचरतो. तेव्हा हा शुद्धपणा एकदा तपासून पाहू.

प्रथम ध्वनीचा विचार. 'नाव' आणि 'न्हावी' हे शब्द पाठोपाठ म्हणून पाहा. 'न्हा' म्हणताना स्वरयंत्राच्या पट्ट्या कंप पावतात, पण किंचित सैल राहतात. त्यामुळे नादाबरोबर थोडी हवाही निसटते. म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह हे असे ध्वनी मराठीत आहेत. जगातील बहुतेक भाषांत ते नाहीत. शब्दाच्या आरंभी ते स्पष्ट ऐकू येतात. शब्दाच्या मध्यभागी, भरभर बोलताना, ही हवेची छटा शेजारच्या स्वरांत मिसळून जाते आणि ऐकणाऱ्याला नुसता 'न' किंवा 'ल' उरल्यासारखा वाटतो. 'पन्हाळा'चा 'पनाळा' होतो तो असा.

हा जिभेचा आळस आहे असे कोणी म्हणेल. पण हाच माणूस 'नाही'ऐवजी 'न्हाई' म्हणतो, 'लहान'ला 'ल्हान' म्हणतो. म्हणजे त्याला 'ह' जमत नाही असे नाही. शब्दाच्या पोटातला 'ह' तो पुढच्या अक्षराकडे ओढून घेतो, आणि तशी सोय नसेल तेथे सोडून देतो. आळसापेक्षा याला नियम म्हणणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

आता इतिहास पाहू. बाराव्या शतकाच्या सुमारास या भागावर शिलाहारांचे राज्य होते. त्यांच्या काळातील लेखांत या शहराचे नाव 'कोल्लापुर' असे येते. त्यात 'ह' नाही! पन्हाळ्याची जुनी रूपे 'प्रणालक', 'पद्मनाल' अशी आढळतात, आणि 1673 मध्ये मराठ्यांनी गड घेतल्याच्या प्रसंगावर जयराम पिंड्ये यांनी जे संस्कृत काव्य लिहिले, त्याच्या नावात 'पर्णालपर्वत' आहे. यांतही 'ह' नाही. संस्कृत लिहिणारे पंडित लोकांच्या तोंडचे नाव सजवून घेत, हे खरे. तरीही गावकऱ्याचा 'पनाळा' ही अलीकडची बिघडलेली आवृत्ती आहे, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये बिस्ली येथील नेमबाजीच्या प्रसिद्ध 'कोलापूर चषका'च्या इंग्रजी नावातही 'ह' नाही. पण हा पुरावा दुबळा आहे. इंग्रजीत 'ल्ह' हा ध्वनीच नाही, त्यामुळे तो असता तरी इंग्रजाच्या कानाने टिपला नसता.

मग बोलीतले रूप नेहमीच जुने असते का? तसेही नाही. कराडचे नाव भारहूतच्या स्तूपावरील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखांत 'करहकट' असे येते. त्यात 'ह' आहे. पुढे त्याचे 'कऱ्हाड' झाले, आणि आज आपण सगळेच, शिक्षकसुद्धा, 'कराड' म्हणतो. 'ह' उरला तो 'कऱ्हाडे' या आडनावात. येथे जो लोप आपण मुकाट्याने स्वीकारला, तोच 'कोलापूर'मध्ये आपल्याला चूक वाटतो.

कोडोलीत 'ल' आणि पन्हाळ्यात 'ळ' का, हा प्रश्नही विद्यार्थ्यांना विचारण्यासारखा आहे. दोन स्वरांमधल्या एकट्या 'ल'चा मराठीत 'ळ' झाला: फल-फळ, काल-काळ. जोड 'ल्ल'चा मात्र 'ल' राहिला. 'ओली', 'वली' ही गावांच्या नावांची शेवटे अभ्यासक 'पल्ली' म्हणजे वस्ती या शब्दाशी जोडतात. 'दीप'चा 'दिवा' व्हावा तसा 'प'चा 'व' झाला, आणि 'लवण'चे 'लोण' व्हावे तसा 'अव'चा 'ओ'. दापोली, आंबोली, कणकवली ही सगळी याच कुळातली. एकाच तालुक्यातल्या दोन नावांत दोन वेगळे नियम असे जपलेले आहेत.

दक्षिणेला सीमेकडे गेले की कानडीचा शेजार लागतो. कानडी माणसाच्या तोंडी 'निप्पाणी', 'चिक्कोडी' येते. मराठी माणूस जोडाक्षर सोडवून 'निपाणी', 'चिकोडी' म्हणतो. कानडीला शब्दाच्या अखेरीस स्वर लागतो, म्हणून मराठी 'बेळगाव' तिकडे 'बेळगावी' होते. कर्नाटक सरकारने 2014 मध्ये तेच रूप अधिकृत केले. सीमावादाचा प्रश्न वेगळा. ध्वनीच्या दृष्टीने दोन्ही रूपे आपापल्या भाषेच्या नियमाने चालतात.

इंग्लंडातही हेच दिसते. लंडनकडचे लोक 'न्यूकासल' म्हणतात, खुद्द त्या शहरातले 'न्यूकॅसल'. 'श्रोजबरी' की 'श्रूजबरी', यावर तर त्याच गावात दोन तट आहेत.

हा अभ्यास वर्गात करता येतो. आसपासच्या दहा गावांची यादी करावी आणि मुलांनी घरातील आजी-आजोबांकडून ती नावे ऐकून, जशी ऐकली तशी लिहावीत. मात्र 'हे नाव कसे म्हणता?' असे थेट विचारू नये, कारण विचारले की माणूस सावध होऊन पाटीवरचे रूप सांगतो. 'तुमची बहीण कुठं दिली?', 'बाजाराला कुठं जायचा?' अशा प्रश्नांतून नाव सहज येऊ द्यावे. बोलणाऱ्याचे वय आणि माहेर शेजारी नोंदवावे. सासुरवाशिणींचे उच्चार पुष्कळदा वेगळे निघतात. वारणेच्या दोन्ही काठांवरच्या शाळांनी एकच यादी घेतली, तर नदी ओलांडताना कोणते नाव बदलते हेही पाहता येईल.