घारापुरीचा दगडी हत्ती

मुंबईस गेलेला आपल्याकडील माणूस राणीच्या बागेंत, म्हणजे आतांच्या जिजामाता उद्यानांत, वाघ आणि पेंग्विन पाहावयास जातो. तेथेंच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशीं काळ्या पाषाणाचा एक मोठा हत्ती उभा आहे. त्याच्या अंगावरील सांधे फारच थोड्यांच्या लक्षांत येतात.

हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. हें बेट मुंबईच्या गेटवेपासून सुमारें १० किलोमीटर आंत समुद्रांत आहे. पोर्तुगीज लोक तेथें उतरले, तेव्हां किनाऱ्यापाशीं ही भव्य आकृति त्यांच्या दृष्टीस पडली व तीवरून त्यांनीं बेटास 'एलिफंटा' हें नांव दिलें. लेण्यांतील त्रिमुखी सदाशिव जगप्रसिद्ध झाला खरा. पण परकीयांनीं बेट ओळखलें तें या मुक्या जनावरावरून! पाषाण तोच, जो आमच्या अणदूरजवळच्या नळदुर्ग किल्ल्यास लागला आहे. परंतु असल्या कठीण फत्तरासही काळ सोडीत नाहीं. १८१४ सालीं हत्तीचें डोकें व मान गळून पडली आणि पुढें धडही ढासळलें.

याच सुमारास, १८१६ सालीं, इजिप्तमध्यें बेल्झोनी नांवाचा एक इटालियन गृहस्थ दुसऱ्या रामसेस राजाच्या पुतळ्याचें सुमारें ७ टन वजनाचें मस्तक नाईल नदीकडे ओढून नेत होता. ओंडक्यांवर लांकडी चौकट, तिला दोर आणि दोरांस मजूर, एवढीच काय ती यंत्रसामग्री! तें मस्तक १८१८ मध्यें लंडनला पोंचलें. आजही तें ब्रिटिश म्युझियममध्येंच आहे.

१८६४ सालीं आपल्या हत्तीवर तीच पाळी आली. विलायतेस पाठविण्यासाठीं त्यास उचलूं लागले, तों यारीच मोडली व हत्तीचे तुकडे झाले. तुकडे नेण्यांत कोणास गोडी नव्हती. ते मुंबईच्या बागेंत आले. १९१४ सालीं कॅडेल व ह्युएट या दोघांनीं ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. मोडला म्हणूनच तो या देशांत राहिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

घारापुरीच्या लेण्यांस १९८७ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. ज्याच्यावरून बेटास नांव पडलें, तो मात्र खाडीपलीकडे बागेंत! त्यास परत न्यावा काय, असें विद्यार्थी मला विचारीत. सांधलेल्या अंगास पुन्हा यारी लावणें मला धोक्याचें वाटतें. मात्र मूळ जागीं त्याची हकीकत मराठींत कोरलेली शिळा असावी आणि बेटावर उतरणाऱ्यास ती प्रथम दिसावी.