कोंडीतून बाहेर पडताना

रंगाच्या गोळ्या उडवण्याचा पेंटबॉल हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी एखाद्या सहलीच्या ठिकाणी पाहिला असेल. त्याचाच एक भाऊबंद आहे, एअरसॉफ्ट. जपानमध्ये हा खेळ रुजला आणि तिथून जगभर गेला. हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी बंदूक, तिच्यात सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी, दोन संघ आणि झाडाझुडपांचं किंवा पडक्या भिंतींचं मैदान, एवढा याचा पसारा. यात गोळीचा डाग पडत नाही. त्यामुळे गोळी लागली की खेळाडूनं स्वतःच हात वर करून 'बाद' म्हणायचं असतं. सारा खेळ खरेपणावर चालतो.

या खेळात प्रत्येकावर एक वेळ हमखास येते. आपण एका दगडाआड किंवा बांधाआड बसलेलो असतो. डोकं वर काढलं की गोळ्यांचा सडा पडतो. पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही. अशा वेळी नवखा खेळाडू दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर तिथंच अंग चोरून बसतो, नाही तर घाबरून एकदम उठतो आणि पळत सुटतो. दोन्हींचा शेवट एकच, तो बाद होतो. मग करायचं काय?

प्रश्न खेळातला असला तरी फार जुना आहे. आणि त्याची उत्तरं शोधायला आपल्या नाशिककरांना लांब जायला नको. दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की पुरे.

आधी कोंडी म्हणजे काय ते समजून घेऊ. समोरून सतत होणारा मारा आपल्याला बाद करण्यासाठी असतोच असं नाही. आपली मान खाली राहावी, एवढंच पुष्कळदा त्यामागचं काम असतं. आपण मान खाली घालून बसलो की त्यांचे दोन-तीन गडी गुपचूप बगलेवरून येतात. म्हणजे खरा धोका आवाज नसलेल्या बाजूला असतो. बसून राहणाऱ्याचा प्रत्येक क्षण शत्रूच्या पदरात पडतो, तो यामुळे.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे रामशेज. नाशिकपासून सुमारे १५ किलोमीटरवरचा हा किल्ला तसा लहानच. १६८२ मध्ये मोगलांनी त्याला वेढा घातला आणि पुढं पाच वर्षांहून अधिक काळ तो झुंजत राहिला. या वेढ्यातला एक प्रसंग खाफीखान या मोगल इतिहासकारानंच लिहून ठेवला आहे. मोगलांनी एका बाजूनं मोठा गलबला करून हल्ल्याची हूल दिली आणि दुसऱ्या बाजूनं निवडक माणसं मुकाट्यानं कड्यावर चढवली. किल्लेदारानं तो डाव ओळखला. गलबल्याच्या बाजूला त्यानं नगारे वाजवून तसाच गलबला उठवला. शस्त्रं घेतलेली माणसं मात्र शांत बाजूला, आवाज न करता बसवली. वर चढून आलेल्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

तेव्हा कोंडीत सापडल्यावर पहिलं काम पळण्याचं नाही, ऐकण्याचं आणि पाहण्याचं आहे. मारा कुठून येतो, किती जणांचा आहे, कोणती बाजू शांत आहे, हे सोबत्याला मोठ्यानं सांगायचं. पाहताना आडोशाच्या वरून डोकावू नये, कडेनं आणि जमिनीलगत पाहावं. एकाच जागेतून दोनदा डोकावू तर मुळीच नये, कारण दुसऱ्या वेळी समोरच्याचा नेम तिथं लागलेला असतो.

रामशेजचे लोक आत टिकून राहिले. पण सगळ्याच कोंड्या टिकून राहण्याजोग्या नसतात. आपल्या बाजूनं वेळ असेल, आडोसा भक्कम असेल, बगल सांभाळणारं कुणी असेल, तर जागा धरावी. नसेल तर निघावं. आणि निघायचं कसं, हे दिंडोरीच्या लढाईत पाहायला मिळतं.

साल १६७०. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि बागलाणमार्गे ते परतीला लागले. बरोबर लुटीनं लादलेली जनावरं होती. इकडं मोगल सरदार दाऊदखान कुरेशी बुऱ्हाणपुराकडून चांदवडला येऊन धडकला. मधे आडवी पसरलेली सातमाळेची डोंगररांग आणि तिच्यातली कांचन-मांचनची खिंड. ओझं घेऊन पळावं तर शत्रू पाठीवर, आणि थांबावं तर लूट धोक्यात, असा पेच होता.

महाराजांनी फौजेचे दोन भाग केले. सभासद बखरीनुसार मालमत्ता, घोडी आणि पायदळ पुढं रवाना झालं आणि महाराज स्वतः दहा हजार सड्या स्वारांनिशी मागं उभे राहिले. सडे म्हणजे ज्यांच्याजवळ ओझं नाही असे. प्रतापराव गुजरांसारखा कसलेला सेनानी या लढाईत होता.

१७ ऑक्टोबरला गाठ पडली. मोगलांच्या बिनीवर, म्हणजे आघाडीवर, इखलासखान मियाना होता. समोर मराठे उभे दिसताच त्याला दम निघेना. त्याच्या लोकांची चिलखतं अजून ओझ्याच्या जनावरांवर होती. ती अंगावर चढण्याची वाट न पाहता तो मूठभर माणसांनिशी तुटून पडला, आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. मागून दाऊदखान पोचला, लढाई वाढली, मोगलांचं मोठं नुकसान झालं. मराठे जसे लढले तसेच निघूनही गेले. लूट सुखरूप पुढं गेली. पाठलाग करण्याचं त्राण मोगलांत उरलं नव्हतं. या लढाईची हकीकत मोगलांच्या बाजूनं हजर असलेल्या भीमसेन सक्सेना यानं आपल्या आठवणींत लिहिली आहे.

यातून खेळणाऱ्यांनी तीन गोष्टी उचलाव्यात. पहिली, सगळ्यांनी एकदम निघू नये. निम्म्यांनी मारा चालू ठेवावा आणि निम्म्यांनी मागच्या आडोशापर्यंत जावं. मग तिथून त्यांनी मारा सुरू करावा आणि पहिल्यांनी निघावं. एकाच वेळी दोघांच्या बंदुका रिकाम्या होऊ देऊ नयेत. गोळ्या भरायच्या तर आधी सोबत्याला ओरडून सांगावं. दुसरी, धाव छोटी ठेवावी. आपण उठलो, हे समोरच्याच्या ध्यानात येऊन त्याचा नेम बसायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात पुढच्या आडोशाला पोचलं पाहिजे. तो आडोसा उठण्यापूर्वी नजरेनं ठरवलेला हवा. तिसरी, समोरच्या उतावळ्याचा उपयोग करून घ्यावा. आपण निघालो असं वाटलं की कुणी तरी इखलासखान पुढं धावून येतोच. मागं थांबलेल्यानं त्याचीच वाट पाहावी.

इथं एक गोष्ट खेळाचीच म्हणून लक्षात ठेवावी. एअरसॉफ्टची गोळी इतकी हलकी असते की दाट पाल्यानंही तिची दिशा बदलते. म्हणून या खेळात झुडूपसुद्धा आडोसा ठरतं. खऱ्या बंदुकीसमोर झुडूप फक्त लपवतं, वाचवत नाही. खेळातल्या सवयींना युद्धकला समजण्याची चूक करू नये.

मागं थांबणाऱ्याचा विषय निघाला की मराठी माणसाला पन्हाळगड आठवणारच. १६६० च्या जुलैमध्ये, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज भर पावसात रात्री निघाले. शिवा काशीद दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती लागला आणि त्यानं वेळ मिळवून दिला. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वेळ मिळवून दिला. दोघांनीही त्याची किंमत प्राणांनी मोजली. आणखी एक तपशील आपण सहसा विसरतो. जिथं पोचायचं होतं त्या विशाळगडालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता. तोही फोडावा लागला. म्हणजे कोंडीतून सुटणं एवढंच पुरत नाही, जिथं जायचं ती जागा मोकळी आहे का, याचाही विचार आधीच करावा लागतो.

खेळात मागं थांबलेला गडी बाद झाला तर मैदानाबाहेर बसून पाणी पितो आणि पुढच्या डावात परत येतो. घोडखिंडीतल्यांना पुढचा डाव नव्हता. हा फरक मुलांना सांगितला पाहिजे. आणि आणखी एक. मुलांच्या खेळात मागं थांबायला बहुधा सगळ्यात लहान, नाही तर दुबळा गडी ठेवला जातो. 'तू थांब, आम्ही जातो' म्हणायचं आणि पळायचं. हे अन्यायाचं आहेच, शिवाय डावपेच म्हणूनही चुकीचं आहे. चंदावल, म्हणजे पिछाडी सांभाळणारी तुकडी, ही कसलेल्यांचीच हवी. दिंडोरीला खुद्द महाराज मागं थांबले होते.

शेवटी थोडं काळजीचं. कितीही कोंडी झाली, घामानं काच कितीही धुरकटली, तरी डोळ्यांवरचा चष्मा मैदानात काढायचा नाही. या गोळीनं डोळा जाऊ शकतो. खऱ्यासारखी दिसणारी बंदूक रस्त्यातून उघडी मिरवायची नाही. मोकळ्या माळावर खेळायचं तर जागेच्या मालकाची परवानगी आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कल्पना, दोन्ही हवं. आणि किल्ल्यांवर हा खेळ नको. तिथं पाहायला जावं, प्लॅस्टिकच्या गोळ्या सांडायला नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी संघ पाडाल, तेव्हा पुढं कोण जाणार हे ठरवण्याआधी मागं कोण थांबणार ते ठरवा. आणि ते नाव दर डावाला बदलत राहू द्या.