भाव बांधला की टंचाई सुटते?

मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मध्ये, महामार्गावर वडनेर भोलजी लागते. कपाशी, सोयाबीन, तूर ही या पट्ट्याची पिके. बियाण्यापासून बाजारापर्यंत सरकारचा हात कुठे ना कुठे असतोच, त्यामुळे भाव आणि कर यांवरची मतेही ठाम असतात.

सरकारने दर बांधला की वस्तू स्वस्तात मिळते, हे त्यातले सगळ्यात पक्के मत. २०२५च्या खरिपासाठी केंद्राने बीजी-२ कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाला कमाल ९०१ रुपये ठरवले. बहुतेक वाणांना हा दर पुरतो. घोडे अडते ते नावाजलेल्या वाणापाशी. मागणी जास्त, पाकिटे कमी आणि भाव वाढायला मनाई, मग रांग वाढते. मे २०२४मध्ये अकोल्यात एका वाणासाठी शेतकरी भर उन्हात कृषी केंद्रांपुढे उभे होते. रांगेत मोडलेला दिवस आणि गुपचूप मोजलेले वरचे पैसे हीसुद्धा किंमतच, फक्त ती पावतीवर येत नाही.

युरियाचेही तेच. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. पण ऐन हंगामात तिच्यासोबत नको असलेले एखादे खत किंवा औषधाची बाटली गळ्यात मारली जाते. या ‘लिंकिंग’ला मनाई आहे, तक्रारी मात्र दर खरिपात येतात. दुकानदाराला शिव्या देणे सोपे. कंपन्या आपल्यावरही हेच लादतात, असे विक्रेते सांगतात.

हमीभाव जाहीर झाला की बाजार तिथवर चढतो, हाही असाच समज. त्या भावाने प्रत्यक्ष माल उचलणारा कोणी असेल तरच त्याला जोर येतो. २०२४-२५मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरी विदर्भात बराच माल चार-सव्वाचार हजारांत गेला. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा आधी १२ टक्के, नोव्हेंबरात ती १५ झाली. पुढे कित्येक ठिकाणी बारदान्याअभावी काटा थांबला.

मग सगळा माल सरकारनेच घ्यावा? कापसात महाराष्ट्राने ते करून पाहिले. १९७१च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आली आणि तीसेक वर्षे टिकली. बाहेर भाव चढले की कापूस सीमेपलीकडे बऱ्हाणपूरकडे निघे. पडले की सगळा खरेदी करणाऱ्या पणन महासंघाच्या दारात.

कराबाबतचा घोळ वेगळा. कायद्याने ज्याच्याकडून घ्यायचा तोच तो सोसतो, असे गृहीत धरले जाते. बाजार समितीची फी खरेदीदार भरतो खरी, पण बोली लावताना तो ती धरूनच चालतो. माल उतरवून बसलेला, उसनवारी फेडायची घाई असलेला शेतकरी गाडी परत नेऊ शकत नाही. म्हणून भाराचा बराच वाटा त्याच्याकडे सरकतो. ज्याला थांबणे परवडते, त्याच्यावर कर कमी बसतो.

आयात शुल्कातही सरळ हिशेब चालत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क ५.५वरून २७.५ टक्के झाले. दिवाळीच्या तोंडावर तेलाचा डबा महागला, सोयाबीन मात्र हमीभावाखालीच राहिले. कारण दाण्यात तेल जेमतेम १८ टक्के. उरलेली बहुतेक पेंड, आणि पेंडीचे भाव जगभर पडलेले. ३० मे २०२५ला हेच शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरवले, तेव्हा पेरणी तोंडावर आली होती.