दूध पुरतंय ना?

पाचवीला आलेल्या आत्याबाई, बारशाला आलेल्या मावश्या, शेजारच्या काकू, सगळ्याजणी नव्या आईला एक प्रश्न हमखास विचारतात : "दूध पुरतंय ना गं?" विचारणारीच्या मनात मायाच असते, पण पहिलटकरणीला तो परीक्षेतला प्रश्न वाटतो. त्यातून नेमका त्याच वेळी बाळाने टाहो फोडला, की "बघ, भुकेलंय बिचारं!" असा निकालही लागतो आणि संध्याकाळी घरात पावडरचा डबा येतो.

खरी गंमत पुढेच आहे. बाळ जितकं ओढतं तितकं अंगावर दूध येतं. बाटलीने पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं, म्हणून दूध कमी येतं, म्हणून आणखी एक बाटली! पंधरा दिवसांत "मला दूधच नव्हतं" असं ती बिचारी स्वतःच म्हणू लागते.

मग पुरतंय की नाही, हे ओळखायचं कसं? मैत्रिणींनो, रडणं मोजू नका, लंगोट मोजा. पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर, घट्ट चीक. तो चमचा-दोन चमचेच असतो. पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. तो टाकू नये. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, तर दूध पुरतंय. डायपरमध्ये नीट मोजता येत नाही, म्हणून सुरुवातीला तरी सुती लंगोटच बरे. दुसरी खूण वजनाची. जन्मानंतर वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींना जाल तेव्हा वजन करून कार्डावर लिहून घ्या. काकूंनी विचारलं तर हसून सांगता येतं, "काकू, काल आठ लंगोट वाळत घातले!"

रडण्याला भुकेखेरीज कितीतरी कारणं असतात. लंगोट ओला, ढेकर अडकलेला, उन्हाळ्यात कुंची-दुपट्यात गुंडाळून झालेला उकाडा, किंवा नुसतंच कुशीत घ्या म्हणून. संध्याकाळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. उभं धरून फिरवावं, पाठ थोपटावी. पण वैतागून बाळाला हलवू-झिंजाडू कधीही नये. आपलाच धीर सुटला, तर त्याला पाळण्यात ठेवून दोन मिनिटं बाहेर यावं.

आता जरा हिशेब करू. तान्हं बाळ दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा पितं. एका वेळेला अर्धा तास धरला, तरी दहा वेळांचे पाच तास झाले! वर ढेकर, लंगोट, न्हाऊमाखू. म्हणजे "दिवसभर घरातच तर असतेस" असं जिला म्हटलं जातं, ती एक अख्खी नोकरी करत असते, आणि तीही रात्रपाळीसकट. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर जरूर खावी, अंगात ताकद येते. पण झोप आणि पोटभर जेवण यांची जागा त्यांना घेता येत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात. पाजणं सोडून बाकी सारं दुसऱ्या कुणाला करता येतं. बाबांनी ढेकर काढावा, लंगोट बदलावा, कुकर लावावा. सासूबाईंनी न्हाऊ घालावं.

सासूबाईंशी वाद न घालता एवढं मात्र सांगावं : सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नको, गुटी नको. मेमध्येही नको, कारण दुधातच पुरेसं पाणी असतं. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्याने गंभीर आजार होऊ शकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब मात्र द्यावेत.

लंगोट कमी ओले होताहेत, बाळ मलूल आहे, ओढत नाही, अंग तापलंय, वजन भरत नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. पाजताना दुखत असेल तर बाळाने तोंडात नीट घेतलंय का, हे परिचारिकेकडून पाहून घ्यावं. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बऱ्यापैकी तोंडात जायला हवा. काहीजणींना खरोखरच दूध कमी असतं. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वाटी-चमच्याने वरचं दूध द्यावं. त्याने आईपण उणं होत नाही.

आणि आईचे डोळे? पहिल्या आठवड्यात उगाच भरून येणं बऱ्याचजणींना होतं आणि ते निवळतं. पण दोन आठवडे उलटूनही मन उदास राहिलं, झोप येईना, बाळाची माया वाटेना, तर तो हट्ट नव्हे, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना सांगावं. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलताही येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा, तिला एकटं सोडू नये.

तेव्हा बाळ बघायला जाल, तर पाचव्या झबल्याऐवजी पोळी-भाजीचा डबा न्या. आणि म्हणा, "दे त्याला माझ्याकडे, तू जेवून तासभर पड बघू."