आधी सावली मोजा, मग रोप आणा

घरामागे पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा मिळाली की माणूस पहिल्या रविवारी नर्सरी गाठतो. तिथे जास्वंद फुललेली असते, पिशवीतल्या लिंबाला दोन लिंबं लागलेली असतात, पपईची रोपं स्वस्तात मिळतात. गाडीची डिकी भरते. घरी आल्यावर जिथे रिकामं दिसेल तिथे खड्डा घेतला जातो. अशा बागेचा आराखडा नर्सरीवाल्याने केलेला असतो, आणि त्याने तुमचं परस पाहिलेलंच नसतं.

आपल्याकडे उन्हाला काय तोटा, असं वाटतं खरं, पण परसबागेचं बरंचसं गणित उन्हातच अडतं. पुण्याचंच उदाहरण घेऊ. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तिथे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर. दहा फुटी भिंतीची सावली तेव्हा उत्तरेला नऊ फूट पडते. दुमजली घराची उंची वीस फूट धरली तर सावली अठरा फूट होते. म्हणजे घराचं तोंड दक्षिणेला आणि पंधरा फूट खोल परस उत्तरेला असेल, तर ऐन हिवाळ्यात दुपारी बाराला सगळं परस सावलीत बुडालेलं असतं. मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेलाच राहतो. तेव्हा त्याच परसात ऊन उतरतं.

आता समोरच्या रांगेतलं घर पाहा. जागा तेवढीच, माती तीच, फक्त परस दक्षिणेला. मध्ये दुसरी इमारत आडवी नसेल तर या घराला हिवाळाभर ऊन मिळतं. टोमॅटो, वांगी, मिरची यांना दिवसाचं सहा तास तरी ऊन लागतं, ते इथे मिळेल. पालेभाज्या तीन-चार तासांतही भागवून घेतात. उत्तरेच्या परसवाल्याने मात्र हिवाळ्यात टोमॅटोचा हट्ट धरू नये. त्याच्याकडे हळद, आलं, अळू, पुदिना, नागवेल छान येतील. हळद-आल्याची लागवड मे-जूनमध्ये होते आणि थोडी सावली त्यांना चालते. शेजाऱ्याची बाग पाहून आपली बाग ठरवू नये, ते यासाठी.

सावली मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला सावलीची कडा रांगोळीने आखा आणि कागदावर उतरवून ठेवा. डिसेंबरात एकदा आणि मे महिन्यात एकदा आखलं की जागेची कुंडली हाती आली. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’मधून शेतकऱ्यांना पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब करायला लावला होता. परसाला तोच हिशेब लागू आहे, फक्त आकडे लहान.

मग स्वयंपाकघरात या. रोज काय लागतं? कोथिंबीर, कढीपत्ता, हिरवी मिरची, आलं, चहाला गवती चहा. ऐन फोडणीच्या वेळी आठवणाऱ्या या वस्तू दारापासून चार पावलांवर हव्यात. कांदे-बटाटे खुशाल बाजारातून आणा, लहान जागेत ते लावण्यात अर्थ नाही. कढीपत्त्याचं एक झाड घराला पुरून उरतं. मेथीचा अख्खा वाफा एकदम पेरलात तर महिन्याभराने सगळी एकदम काढायला येते आणि गल्लीभर जुड्या वाटत फिरावं लागतं. वाफ्याचे तीन भाग करून दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरा.

घरातली माणसंही आराखड्यात यायला हवीत. पाणी कोण घालणार, हे आधी ठरवा. आजी बाग पाहणार असतील तर वाफा विटा रचून दोन फूट उंच करा, म्हणजे कडेला स्टूल टाकून बसून काम होतं. दोन्ही बाजूंनी हात पोचायला वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको. भिंतीला लागून असेल तर दोनच. मधली वाट दीड फुटाची ठेवा. वाट म्हणजे वाया गेलेली जागा असं समजणारे लोक पुढे वाफ्यात पाय देऊन माती दाबून टाकतात.

पाण्याचं गणितही सोपं आहे. उन्हाळ्यात पिकाने भरलेल्या चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं असं धरा. तीन बाय आठ फुटांचा वाफा सव्वादोन चौरस मीटरचा, म्हणजे त्याला रोज एक बादली. आपल्या नळाला एप्रिलमध्ये किती बादल्या सुटतात ते पाहून वाफ्यांची संख्या ठरवा. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू खुशाल वाढवा. डिटर्जंटचं पाणी पालेभाज्यांना घालू नका.

उंच गोष्टींची जागा चुकली की सगळंच बिघडतं. दोडका, कारली, दुधी यांचा मांडव उत्तरेच्या कडेला घाला, म्हणजे हिवाळ्यात त्याची सावली वाफ्यांवर येत नाही. केळीचं बेट पश्चिमेला असलं तर उन्हाळ्यातलं तीन वाजताचं ऊन अडतं. शेवग्याची फांदी ठिसूळ, वाऱ्याने मोडून शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडायची. तो दरवर्षी छाटून खुजा ठेवायची तयारी असेल तरच लावा. आंब्याचा मोह सगळ्यांना होतो. तीनशे चौरस फुटांत हापूसचं कलम लावलं की काही वर्षांत बाकीची बाग त्याच्या सावलीत संपते. राहवतच नसेल तर आम्रपालीसारखी ठेंगणी जात लावा आणि दक्षिणेची कडा सोडून दुसरीकडे.

ज्यांचं परस म्हणजे गच्ची, त्यांना उन्हाची चिंता कमी आणि वजनाची जास्त. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला चौदा किलो. ओल्या मातीचा एक घनफूट पन्नास किलोच्या आसपास भरतो. स्लॅबवर फूटभर जाडीचा मातीचा वाफा म्हणजे धरलेल्या भाराच्या तिपटीहून जास्त. म्हणून तिथे पालापाचोळा, नारळाच्या शेंड्यांचा भुसा आणि कंपोस्ट जास्त, माती कमी असं मिश्रण वापरावं आणि जड ड्रम तुळईच्या किंवा खांबाच्या डोक्यावर ठेवावेत. तुळया कुठून गेल्यात हे गच्चीवर उभं राहून कळत नाही. मातीची पहिली गोणी वर चढवण्याआधी इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि खाली राहणाऱ्यांनाही विश्वासात घ्या.